पाण्यातला पट्टा

तळेगावच्या पद्मजाबाईंना फसवून दाखवावं, असं आव्हान त्यांच्या घरचेच द्यायचे आणि वर हात जोडायचे. दूधवाल्याच्या देखत त्या दुधाचा थेंब नखावर ठेवून बघत. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढायच्या आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. "हिनं लग्नाआधी माझी दहावीची गुणपत्रिका शाळेत जाऊन पडताळली होती," असं नवरा दिगंबर पाहुण्यांना सांगे. पाहुणे हसत. पण ती थट्टा नव्हती, बाई खरंच गेल्या होत्या.

असा स्वभाव संसारात जाचतो. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत मात्र त्याला मान असतो, आणि बावीस वर्षं पद्मजाबाई तिथंच होत्या. इंद्रायणी भाताच्या बियाण्यात दुसरा वाण घुसलाय का, हे त्या शोधत. भाताचा डीएनए काढायचा, त्यात प्रायमर घालायचे. प्रायमर म्हणजे डीएनएचेच चिमुकले तुकडे, जोडीनं काम करणारे. प्रत्येक जोडी आपली जागा हुडकून चिकटते, आणि मग यंत्रात तेवढ्याच भागाच्या लाखो प्रती निघतात. त्या जेलवर, म्हणजे खळीसारख्या पारदर्शक थरावर, पट्ट्यासारख्या दिसतात. बाई एकाच नळीत चार जोड्या नांदवत होत्या. यंदा त्यांनी पाचवी जोडी स्वतः आखून घातली, भेसळ पकडणारी. तिच्या प्रती सगळ्यांत आखूड, म्हणून भेसळ असली की तिचा पट्टा सगळ्यांत खाली दिसायचा.

मे महिन्यात टाकवे बुद्रुकच्या शेतकरी गटाचे नमुने आले. जेलवर जागा पुरेना, तेव्हा बाईंनी नुसत्या पाण्याची नळी वगळली. या नळीत बियाणं नसतंच. तिच्यात पट्टा उमटला तर समजायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. कुलूप चारदा ओढणाऱ्या बाईनं हे कुलूप लावलंच नाही. साऱ्या जगावर संशय, फक्त स्वतःची आखणी सोडून!

सगळे नमुने शुद्ध निघाले, एक सोडून. तो अंबाजींचा होता. अहवालावर भेसळ असा शेरा पडला.

आठवड्यानं अंबाजी स्वतः आले. साठीचा माणूस, धुवट टोपी, हातात तो कागद.

"मॅडम, तीस वर्सं हे बी राखलंय म्या. गाव माझ्याकडनं बी नेतं. आता म्हंत्यात, अंबाजीनं फशिवलं. परत तपासा."

"बियाणं ठेवता कुठे?"

"पेंढ्याची मुडी बांधून चुलीवर टांगतो. धुरानं कीड लागत न्हाई. मुडी आमची वैनी बांधती." त्यांनी आवाज उतरवला. "तिनं तर काय मिसळलं नसंल? तिच्या भावाकडं दुसरं भात असतंय."

यावर गप्प बसणं बाईंना जमायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "आबा, घरातलं तुमचं तुम्हीच बघा."

दुसऱ्या तपासणीतही तो पट्टा आला. म्हातारा खोटं बोलतोय, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं. पण या वेळी जागा होती, म्हणून पाण्याची नळीही चालवली होती, आणि पाण्यातही तोच पट्टा होता.

"श्रीयश, हातमोजे बदलले होतेस का?" त्यांनी सहकाऱ्याला फैलावर घेतलं.

"मॅडम, आज सगळं तुम्हीच केलंय."

हे खरं होतं. नवं पाणी, नव्या नळ्या घेऊन त्यांनी पुन्हा केलं. पट्टा हटेना. तेव्हा कुठे त्या दहाही प्रायमरची अक्षरं कागदावर एकाखाली एक मांडून बसल्या. दुसऱ्या जोडीतल्या एकाचं शेवटचं टोक आणि पाचव्या जोडीतल्या एकाचं टोक एकमेकांत चपखल बसत होतं. दोघं एकमेकांनाच चिकटत होते, आणि त्या जोडाच्या प्रती निघत होत्या. त्यांची लांबी जवळपास भेसळीच्या पट्ट्याएवढी. भाताचा डीएनए भरपूर असला की प्रायमर आपापल्या कामाला लागत. अंबाजींच्या धुरकटलेल्या दाण्यांतून तो जेमतेमच निघत होता, म्हणून तिथं ते पाण्यातल्यासारखेच एकमेकांना चिकटले.

बाईंना लाज वाटली. त्यांनी पाचवी जोडी थोडी सरकवून नव्यानं आखली, प्रत्येक टोक बाकी नऊंशी ताडून पाहिलं. नवे प्रायमर आल्यावर पाणी कोरं निघालं. अंबाजींचं बियाणंही शुद्ध निघालं.

नवा अहवाल घेऊन त्या टाकव्याला गेल्या. अंबाजींनी तो वाचला, पण चेहरा उजळला नाही.

"वैनी बेडशाला गेली, भावाकडं. म्या तिला इचारलं, काय मिसळलंस म्हनून. चार मान्सांत इचारलं."

"चला, आपण जाऊन सांगू."

"मला त्वांड न्हाई, बाई."

बाई एकट्याच बेडशाला गेल्या. अंबाजींच्या वैनी, रतनबाई, अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पद्मजाबाईंनी सगळं सांगितलं, कागद पुढे केला.

"ह्यात माझं नाव हाय का?"

"नाही, मावशी."

"पयल्या कागदातबी न्हवतं. तरी मला घर सोडावं लागलं."

पद्मजाबाईंनी पेन काढलं. त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीवर लिहिलं: रतनबाईंनी बियाण्यात काहीही मिसळलेलं नाही. चूक माझ्या आखणीत होती, आणि पाण्याची नळी न चालवता मी अहवाल दिला. खाली पूर्ण नाव, सही.

"मला वाचाया येत न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "तुमीच वाचा. जरा मोठ्यानं, आत भावजया हाईत."

पद्मजाबाईंनी वाचलं. खालचं आपलं नावही वाचलं.

रतनबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि उठल्या. "थांबा, चपला घालते. आता हेच टाकव्यात वाचायचं, त्या चार मान्सांम्होरं."