न चालवलेली वीस मिनिटं

"काका, पहिला जनरेटर लगेच सुरू झाला. दुसरा दोन मिनिटं चालतो आणि मान टाकतो."

फोनवर समीर होता. कझाकस्तानात, उणे सत्तावीस अंशांत. मी कतारमध्ये, मेसईदच्या आमच्या यार्डात, हाफ शर्टात. ऑफिसात मला काका म्हणणारा तो एकटाच.

वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमला कायमची वीज आली आणि आमचे भाड्याचे दोन डिझेल जनरेटर मोकळे झाले. ते तिकडच्या एका क्लायंटने घेतले. तयार करून पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

डिझेलमध्ये मेण असतं. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजतं ना, तसं कडाक्याच्या थंडीत ते थिजतं आणि फिल्टर तुंबतो. कतारच्या डिझेलला थंडी ठाऊकच नाही. म्हणून त्यात आधीच अँटी-जेल अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे न थिजण्याचं औषध, घालायचं. पण नुसतं टाकीत ओतून भागत नाही. नंतर इंजिन वीस मिनिटं चालवायचं, तेव्हा कुठे औषध घातलेलं डिझेल पाइपात आणि फिल्टरमध्ये पोचतं.

पहिल्याचं मी सगळं नियमाने केलं. दुसऱ्याच्या टाकीत बाटली रिकामी करत होतो, तेवढ्यात मॅनेजर हसनसाहेब आले.

"कमिशनिंगला, तिकडे मशीन सुरू करून द्यायला, समीर जाईल. ही इज यंग. यल्ला, फिनिश इट."

चौदा वर्षं यार्डात घाम मी गाळायचा आणि बर्फ बघायला समीर! मी झाकण लावलं, हात पुसले आणि दोह्यात अल मुंतझाच्या घरी निघून आलो. तिथेही तेच.

"अहो, तुमचा स्वेटर समीरला देऊ का?" बायको म्हणाली. "तुम्हाला इथे कशाला लागतोय?"

मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय नॉट यू?"

तर आता समीर विचारत होता, "अ‍ॅडिटिव्ह दोन्हींत घातलंय ना, काका?"

"घातलंय."

"मग माझंच काहीतरी चुकतंय. क्लायंट समोर उभा आहे. निम्म्या केबिनचे हीटर याच्यावर आहेत, आत माणसं कुडकुडताहेत. आणखी एक बाटली ओतू?"

गप्प बसलो असतो, तर खापर त्याच्यावर फुटलं असतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. मग त्या केबिनमधली माणसं डोळ्यांसमोर आली.

"ओतू नकोस. थिजल्यावर त्याचा उपयोग नाही. पेटीत नवा फिल्टर आहे, तो बसव. पाइपला गरम हवेचा ब्लोअर लाव. आग जवळ नेऊ नकोस. समीर, तो जनरेटर मी चालवला नव्हता."

"का हो?"

"फार उकडत होतं."

पाऊण तासाने फोनमधून इंजिनाचा आवाज ऐकू आला. मागे लोक ओरडत होते, बहुतेक आनंदाने.

हसनसाहेबांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी नुसता दुसऱ्या जनरेटरचा कागद काढला आणि त्यावर 'इंजिन चालवलं नाही' असं लिहिलं. त्याचा जास्त त्रास झाला. क्लायंटची मेल आली, त्यात समीरच्या प्रसंगावधानाचं कौतुक होतं आणि आणखी चार जनरेटरांची मागणी.

"या वेळी कोण जाणार?" मी जमेल तितक्या सहज विचारलं.

"समीर, ऑफकोर्स. आता त्याला थंडीचा एक्सपीरियन्स आहे."

तो अनुभव त्याला मीच दिला होता. चारही जनरेटर मी वीस-वीस मिनिटं चालवले, घड्याळ लावून. तुम्हालाही असं काम करायचं असेल तर लक्षात ठेवा: साइटवर कोण जाणार, हे वीस मिनिटं भरून इंजिन बंद केल्यानंतरच विचारावं.