तांदळावरचं नाव

माझ्या लग्नात माझं नाव बदललं. तबकात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले आणि मी त्या दिवसापासून दुसरीच कोणी झाले. नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे तेव्हा मलाही सुचलं नाही. एमबीबीएसची पदवी हातात होती, प्रसूतिगृहात रात्रपाळ्या करून झाल्या होत्या, पण नावाच्या बाबतीत मी बोहल्यावरची बाहुलीच. ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. माहेरचं आणि सासरचं, एवढं म्हटलं की भागेल.

सासर इंदूरच्या जुनी इंदूर भागातलं. सासरे कापडाच्या मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीवर, कारकून होते, ते लग्नाआधीच गेले होते. नवरा त्याच मिलमध्ये विणाई खात्यात सुपरवायझर. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि पुढे एक मुलगी. सासूबाईंचं माहेर इंदूरजवळच्या देपालपूरचं, वडील तिथे शाळामास्तर. माहेरी त्यांना लहानथोर सगळे अक्का म्हणत, सासरी वहिनी, आम्ही आई. कोणी कधी त्यांना नावाने हाक मारलेली ऐकली नाही. रेशनकार्डावर एक नाव होतं, ते तेवढ्यापुरतंच.

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप. नवरा तरी रोज वेळेवर डबा घेऊन निघायचा. फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात सगळे बसायचे, मिल परत सुरू होणार अशी कोणीतरी खबर आणायचं आणि संध्याकाळी नवरा तीच खबर घरी आणायचा. मला याचा भारी संताप यायचा. शहरात एकीकडे गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओ निघत होते, घरांवर केबलच्या तारा पडत होत्या, देश उघडला असं पेपरात येत होतं, आणि आमच्या घरात एक धडधाकट माणूस दुपारभर वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसलेला. मी एका नर्सिंग होममध्ये बाळंतपणं करत होते. त्यावर घर चालत होतं, म्हणजे रेटलं जात होतं.

त्या काळात आमच्या बॅचचे डॉक्टर एकत्र जमले की रोगांपेक्षा व्हिसांवर जास्त बोलत. कोणाला कुठला मिळाला, कोणाचा अडकला. मीही तो अभ्यास केला. अमेरिकेच्या परीक्षांत वर्षं जात, आणि तिथे शिकायला म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी येऊन राहायचं, नाहीतर तिकडच्या एखाद्या आडगावी नोकरी धरायची. दुसरा नोकरीचा व्हिसा होता, पण तो द्यायला हॉस्पिटलं नाखूश असत. इंग्लंडमध्ये परीक्षा पास झालात की ट्रेनिंगची काही वर्षं वर्क परमिटशिवाय निघत, पुढचं राम जाणे. आखाताचा हिशेब सरळ होता. मुलाखत द्या, करार करा, निवासाचा परवाना मालक काढून देणार. नोकरी आहे तोवर तुम्ही आहात, नोकरी संपली की सामान बांधा. कायमचं कोणी ठेवून घेत नसे, आणि मला कायमचं राहायचंही नव्हतं.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न एकच होता, नवरा आणि मुलगी बरोबर येणार की नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिला सोडून जायचं असेल तर मला कुठलाच देश नको होता. आखातातल्या ज्या देशातून बोलावणं आलं, तिथे बाईमाणसाला नवऱ्याचा व्हिसा एरवी काढता येत नसे, पण डॉक्टरांना सवलत होती. नवऱ्याला तिथे माझ्या परवान्यावर राहायचं, नोकरी मिळाली तर वेगळी परवानगी. हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला की इथे तरी आणखी कोणाच्या परवान्यावर राहतोय. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मुंबईला मुलाखत झाली, निवड झाली. तिथल्या एजंटाच्या ऑफिसात एका तरुण बाईंनी माझे कागद टेबलावर मांडले आणि विचारलं की पदवी कोणाची आहे. मी म्हटलं, माझी. मग पासपोर्ट कोणाचा आहे. तोही माझाच. त्या शांतपणे म्हणाल्या की मॅडम, या दोन वेगळ्या बायका आहेत.

खरंच होत्या. पदवीवर माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. एक अक्षर जुळत नव्हतं. पासपोर्टचा अर्ज नवऱ्याने भरला होता, मिल डळमळायला लागली तेव्हा सगळेच काढत होते म्हणून. आईंनी ठेवलेलं नाव त्याने कौतुकाने घातलं होतं. आडनाव बदललेल्या बायका त्या ऑफिसाने पुष्कळ पाहिल्या होत्या. पण लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात, तांदळावर अंगठीने, हे मी सांगायला लागले तेव्हा त्या बाई पंजाबी असल्याने माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. ज्याचा कुठेही कागद होत नाही असा बदल शिकलेल्या माणसांनी कसा काय करून घेतला, असा तो चेहरा होता.

पासपोर्ट माहेरच्या नावाने करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरचा व्हिसा मग लगेच निघेल. पण मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं होतं. म्हणजे डॉक्टर जाऊ शकत होती, पण तिला नवरा नव्हता आणि मुलगीही नव्हती. लग्नाची पत्रिका दाखवली तर म्हणाल्या, हा काही सरकारी कागद नाही. लग्नाची नोंदणी करा, तीत दोन्ही नावं आणा, आणि त्यासाठी लग्नात हजर असलेल्या घरच्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल की या दोन बायका एकच. मुदत फार नव्हती.

घरचं मोठं माणूस एकच उरलं होतं. लग्न लावणारे गुरुजीही गेले होते. माझे वडील हयात होते, पण नाव बदललं ते सासरी आणि सासरच्या माणसांनी, म्हणून नोंदणी करून देणाऱ्या वकिलाला सही तिकडचीच हवी होती.

मी घरी आले तेव्हा आई अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं. माझा स्वभावच तसा, आणि प्रवासाने डोकंही उठलं होतं. तुम्ही ठेवलेल्या नावाने माझी अख्खी पदवी पाण्यात गेली, असंही म्हणाले. त्या सुपातले खडे बाजूला काढत म्हणाल्या, "काढून टाक मग. तांदळावरचंच तर होतं."

त्यानंतर त्यांनी मला नावाने हाक मारणं बंद केलं. "अगं" म्हणायच्या, नाहीतर मुलीला सांगायच्या, मम्मीला बोलाव. मला वाटलं, सासूपणाचा मान दुखावला. माझाही राग उतरला नव्हता. नवरा दोघींच्या मध्ये सापडला होता, आणि सापडलेल्या माणसासारखाच तो काहीच करत नव्हता. शेवटी मुलीची शाळेची रिक्षा येऊन गेल्यावर एका सकाळी त्याने विषय काढला की आई, तुझी सही लागेल.

"समजलं मला," त्या म्हणाल्या. "सही केली की तुम्ही तिघं जाणार. नाही केली तर ही एकटी जाईल, नाहीतर कोणीच नाही जाणार. म्हणजे ठरवायचं माझ्यावरच आलं ना रे."

हे आम्हा दोघांनाही कळत होतं, पण आम्ही ते तोंडातून काढलं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा, एकुलती एक नात, आणि त्यांना आम्ही बरोबर नेऊ शकत नव्हतो. परवाना नवऱ्याचा आणि मुलीचा मिळत होता. आईवडील फक्त भेटीला, ठरावीक मुदतीपुरते. मी त्यांच्यासमोरून उठून आत गेले, कारण तिथे बसवत नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्या सकाळीच चांगलं लुगडं नेसून तयार झाल्या. मुलाला म्हणाल्या, "चल कोर्टात. दुपारी लाइन लागते तिथे." मीही मागोमाग ऑटोत बसले.

कोर्टाबाहेर झाडाखाली नोटरीचं टेबल होतं आणि शेजारी टाइपरायटर. नोटरी इंदुरी हिंदीत बोलणारा गप्पिष्ट माणूस. मजकूर त्याने भराभर सांगितला, टाइपिस्टने बडवला. मग त्याने आईंना त्यांचं नाव विचारलं. त्यांनी रेशनकार्डावरचं सांगितलं. ते टाइप झालं. तो पुढे वाचू लागला, तोच त्या म्हणाल्या की थांबा, माझंही लग्नात बदललं होतं, आधीचं पण घाला. नोटरी म्हणाला त्याची काही गरज नाही. त्या म्हणाल्या, मला आहे. आणि त्यांनी नाव सांगितलं.

नोटरी हसला. "अरे मांजी, ये तो बहू का नाम है. आप अपना बताओ."

"वही मेरा है," त्या म्हणाल्या.

टाइपरायटर थांबला. नवरा आईकडे बघत होता. पस्तिशी उलटलेला माणूस, त्याला आपल्या आईचं नाव नोटरीच्या टेबलापाशी कळलं. मला कळायला जरा उशीर लागला. देपालपूरच्या शाळेत मास्तरांची ही मुलगी ज्या नावाने बसली होती, ते तिचं नाव लग्नात पुसलं गेलं, आणि तेच तिने माझ्या लग्नात तांदळावर लिहायला दिलं होतं. आणि मी अंगणात उभी राहून म्हणाले होते की त्या नावाने माझी पदवी पाण्यात गेली.

कागदावर त्यांचं नाव मग उर्फ लावून दोन्ही प्रकारे आलं. त्यांनी सावकाश, मास्तरांच्या मुलीच्या वळणदार अक्षरात सही केली.

परतताना ऑटोला कृष्णपुऱ्याच्या पुलावर गर्दी लागली. नवऱ्याने विचारलं की आई, तू कधी सांगितलं नाहीस. त्या म्हणाल्या, "पूछा किसने?" मग मी विचारलं, मलाच का दिलंत. त्या नदीकडे, काठावरच्या समाध्यांच्या दगडी छत्र्यांकडे बघत होत्या.

"चांगलं नाव होतं गं. नुसतं पडून होतं. तू डॉक्टरीण, वाटलं तुझ्यासोबत चार ठिकाणी फिरेल तरी."

मी रडले. ऑटोवाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

तरीही ते नाव मला ठेवता आलं नाही. पदवीपुढे इलाज नव्हता. नवा पासपोर्ट माहेरच्या नावाने आला, लग्नाची नोंदणी झाली, आणि काही आठवड्यांच्या अंतराने आम्ही तिघंही तिकडे पोचलो. नवऱ्याला पुढे हॉस्पिटलांना चादरी पुरवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. चादरीवर बोट फिरवून तो सूत कोणतं ते सांगायचा, त्याचं तिथे फार कौतुक झालं. तो परत माणसात आला. आई इंदूरला एकट्या राहिल्या. शुक्रवारी आम्ही फोन करायचो. त्या कोपऱ्यावरच्या पीसीओत आधीच येऊन बसलेल्या असायच्या. फोनवर त्या मला पुन्हा त्याच तांदळावरच्या नावाने हाक मारू लागल्या होत्या, आणि घरात नवराही. कागदांवर एक आणि कानांवर एक, अशी माझी वाटणी झाली.

दोन वर्षांनी त्यांच्यासाठी भेटीचा व्हिसा काढायचं ठरलं. पासपोर्ट करायला नवरा सुट्टीवर इंदूरला गेला. रेशनकार्डावरचं नाव घातलं तर काम सोपं होतं, आईही म्हणाल्या जे सोपं ते घाल. मी फोनवर नवऱ्याला सांगितलं की अजिबात नाही, त्यांचं शाळेतलंच नाव घाल. उर्फ लावलेला कागद आहे, तो काढ, पुन्हा नोटरीकडे जावं लागलं तर जा, पेपरात जाहिरात द्यावी लागली तर दे. तो म्हणाला, पुन्हा तोच घोळ. मी म्हटलं, हो, पुन्हा तोच. एकदा माझ्यासाठी केलास, आता आईसाठी कर. सुट्टी वाढवून घ्यावी लागली, पण झालं.

आमच्याकडे आल्यावर आईंना चक्कर येत होती, रक्तदाब वाढला असणार. दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्याच हॉस्पिटलात घेऊन गेले, फिजिशियनला दाखवायला. माझ्या विभागातल्या बाळंतिणी नुकत्या तपासून झाल्या होत्या. आम्ही दोघी बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. त्या एसीला कंटाळून पदर गुंडाळून बसल्या होत्या. आतून केरळची नर्स दारात आली आणि हातातला कागद बघून तिने मोठ्याने नाव पुकारलं.

इतक्या वर्षांची सवय. मी खुर्चीतून अर्धी उठले.

आईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या उभ्या राहिल्या होत्या, पदर सारखा करत होत्या.

"तू बस," त्या म्हणाल्या. "मला बोलावलंय."