टीव्हीतली चिठ्ठी

थाप मारायला अक्कल लागत नाही, ऐकणारं कोणीतरी लागतं. मला आमच्या वऱ्हाडातल्या कारंजा गावात अख्खी गल्ली मिळाली होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्यात मी मुंबईला मावशीकडे पंधरा दिवस राहून आले. टीव्ही शेजाऱ्यांकडे होता. तिथल्या एका गाजलेल्या मालिकेचा जेमतेम एक भाग मी त्यांच्या दारात उभी राहून पाहिला. नवऱ्यानं टाकलेली एक बाई खिडकीशी बसलेली, एवढंच आठवत होतं. पण आमच्या गल्लीत टीव्ही कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुपारी तूर निवडत बसलेल्या बायकांना मी रोज एक भाग सांगू लागले. त्यांनी ‘मंग?’ म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचे.

सगळ्यात मन लावून ऐकायची ती समोरच्या जैन दुकानदाराची मुलगी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवऱ्यानं तिला दोन वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं होतं. तिच्याकडे बघूनच मी शेवट गोड केला. बाई स्वतः नवऱ्याला चिठ्ठी लिहिते आणि तो तिसऱ्या दिवशी एसटीनं न्यायला येतो. मुंबईच्या मालिकेत एसटी कुठून आली, हे कोणी विचारलं नाही.

तिनं खरंच नवऱ्याला चिठ्ठी लिहिली, मला वाचून दाखवली आणि पेटीत टाकली. उत्तर आलं नाही.

दिवाळीनंतर त्याच मालिकेवर काढलेला सिनेमा आमच्या टॉकीजला लागला. तिला दिवस मावळायच्या आत जेवायचं असे, म्हणून आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. पडद्यावरच्या बाईनं चिठ्ठीबिठ्ठी काही लिहिली नाही. तिनं शिलाई मशीन घेतलं, आणि शेवटी नवरा दाराशी आला तेव्हा त्याला पाणी देऊन परत पाठवलं.

घरी येताना मी मान वर केली नाही. आता ही मला खोटारडी म्हणणार, म्हणू दे एकदाची, असं वाटत होतं.

“चिठ्ठीच कापून टाकली वं त्यायनं,” ती म्हणाली. “तीन तासात बसवाचं मंजे कापतीनच. तू तं टीव्हीवर समदं पायलं ना? होती ना चिठ्ठी?”

खरं बोलायला तेवढीच वेळ होती. मला स्वतःची इज्जत प्यारी झाली. आज साठी उलटली तरी त्या क्षणाची लाज जात नाही.

“हो ताई, होती,” मी म्हणाले.

पहिली चिठ्ठी पोचलीच नसेल, असं तिनं ठरवून टाकलं. उन्हं असतानाच ती जेवली आणि कागद घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली.

“त्या बाईनं सुरवातीले काय लिवलं होतं वं?” तिनं विचारलं. “तसंच लिवतो.”

मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली.