नाव नाही तर नोंद नाही

पुंजाराम शेवाळे यांना वाकडी ओळ खपत नसे. नाशिक रोडच्या छापखान्यात आयुष्यभर कागद तपासून नजर अशी तयार झाली होती, की लग्नपत्रिका हातात आली तरी ते आधी समास बघायचे आणि मग नवरा-नवरी कोण ते. निवृत्त झाले, वर्षभरात बायको गेली, आणि त्या नजरेला काही कामच उरलं नाही. मुलगी भाग्यश्री नोकरीसाठी पुण्याला निघाली तेव्हा आपला कॉम्प्युटर मुद्दाम घरात ठेवून गेली. म्हणाली, "अण्णा, नुसते भिंतीकडे बघत बसू नका."

ही २००७ सालची गोष्ट. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा एक मराठी शब्दकोश त्यांना सापडला. कुणीही यावं, शब्द लिहावा. लोक यायचे आणि कसंही लिहायचे. कुणाचं उदाहरण आधी, कुणाचा अर्थ शेवटी, कुणी नुसताच शब्द टाकून पसार. पुंजारामांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी ठाण मांडून नियमच लिहून काढले. शब्द ठळक. प्रत्येक अर्थाला वेगळी ओळ. उदाहरण तिरप्या अक्षरांत, त्याखाली पुस्तकाचं नाव. शब्द नुसता बोलण्यातला असेल, तर बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव. नाव नाही तर नोंद नाही. बाकीच्यांनी कुरकुर केली, पण एवढी उस्तवार दुसरं कोण करणार, म्हणून मान डोलावली.

पिंपळगाव बसवंतची सुवर्णा नावाची शिक्षिका हौसेने शब्द टाकायची. एकदा तिने बोलणाऱ्याच्या जागी लिहिलं, 'आमची आजी, पिंपळगाव.' पुंजारामांनी नोंद उडवली आणि वर विचारलं, "आजींना नाव नव्हतं का?" बिचारीने निमूटपणे नवसाबाईंचं नाव लिहिलं.

दुपारी जेवायला बसलं की मात्र हा सगळा रुबाब उतरायचा. बायको सटाण्याकडची. शहरात इतकी वर्षं काढूनही तिची अहिराणी सुटली नव्हती. ताटात घास उरला की ती म्हणायची, "बठ्ठं खाई ल्या, मंग उठा." बठ्ठं म्हणजे सगळं. आता ताटात काही उरलं तरी कुणी बोलत नव्हतं. तो शब्द कानावर पडावा म्हणून जीव अगदी तुटायचा. निदान कुठेतरी तो लिहिलेला असावा, म्हणून एका दुपारी त्यांनी शब्द टाकला. ठळक शब्द, खाली अर्थ, तिरप्या अक्षरांत तिचं वाक्य. आणि बोलणारी: 'आमची मंडळी, सटाणा.'

दुसऱ्या दिवशी नोंद गायब. सुवर्णाने लिहिलं होतं, "काका, नियम तुमचाच आहे. मंडळींना नाव नव्हतं का?"

आधी ते चिडले. मग तो प्रश्न त्यांनी पुन्हा वाचला. नाव होतं. त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं. लग्नात घास भरवताना मित्रांनी आग्रह केला तरी मान खालीच. पुढे सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर निभावला. दहाव्याला गुरुजींनी नाव विचारलं, तेही थोरल्या भावानेच सांगितलं. घराण्यात कुणी बायकोला नावाने हाक मारत नसे, तर हे कसे मारणार?

तिने मात्र एकदा मागितलं होतं. भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली होती, "एकदा तरी मनं नाव ल्या ना." हे हसले होते. "लोक काय म्हणतील?" तेव्हा घरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. हे आठवलं आणि त्यांना स्वतःचा राग आला.

त्यांनी नोंद पुन्हा उघडली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'सिंधुबाई पुंजाराम शेवाळे, सटाणा.' नोंद जतन झाली. मांडणी बिनचूक होती, पण ती त्यांनी तपासली नाही. ते त्या नावाकडेच बघत राहिले.

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, घसा खाकरून, त्यांनी हाक मारली, "सिंधू."

आणि सवयीने थोडा वेळ थांबले.