मेश्राम मिस्त्रींचा हुद्दा

"नव्या लाइनवर हेल्पर नकोत," फोगेल साहेब जर्मनमध्ये म्हणाले. ते मराठीत सांगण्याआधी मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्यासाठी केलेल्या कामगारांच्या जर्मन यादीत मेश्रामांपुढे 'हेल्पर' मीच लिहिलं होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. हडपसरच्या एका कारखान्यात जर्मन भागीदार आले होते, फोगेल त्यांचे इंजिनिअर, मी दुभाषी. पर्सोनेलच्या रजिस्टरात मेश्रामांकडे सर्टिफिकेट नाही म्हणून ते हेल्पर. मी इमानेइतबारे भाषांतर केलं. शॉपवर, यंत्रं चालतात तिथे, मात्र डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, प्रेसवर बसवायची तर हाक मेश्राम मिस्त्रींनाच. आता वीस वर्षांनी त्यांना प्रेसवरून उचलून स्टोअरला टाकणार होते. मला स्वतःचा राग आला.

दुभाष्याने आपलं मत घालायचं नसतं. मी घातलं.

"साहेब, चूक माझी. यांना इथे मिस्त्री म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्र'वरून आला, तो लॅटिन 'मागिस्टर'वरून. इंग्रजांचा मास्टर आणि तुमचा माइस्टर त्याच घरातले."

जर्मनीत माइस्टर म्हणजे स्वतः कामात तयार आणि दुसऱ्याला तयार करणारा कारागीर.

पर्सोनेल मॅनेजर साठे म्हणाले, "मॅडम, व्याख्यानमाला मे महिन्यात असते."

फोगेल म्हणाले, "शब्द ठीक. काम दाखवा."

मिस्त्रींना बोलावलं. "डाय बसवून दाखवाल?"

"दाखवतो ना जी."

त्यांनी साच्याच्या चार कोपऱ्यांत वहीच्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या, वरचा भाग हलकेच टेकवला आणि एकेक पट्टी ओढून पाहिली. चौथी सहज निघाली. म्हणजे तो कोपरा खाली. तिथे पातळ पत्रा सरकवला. पहिलाच नग मापात आला. फोगेलनी तो दोनदा मोजला.

"हे आणखी कुणाला येतं?"

"सात जणांना शिकवलं जी."

फोगेलनी यादीतला 'हेल्पर' खोडून 'माइस्टर' लिहिलं. साठे सर्टिफिकेटचं बोलले. "ते आपण देऊ," फोगेल म्हणाले. "आधी तुमचे डिप्लोमावाले यांच्याकडे शिकायला पाठवा." हे भाषांतर मी जरा मोठ्याने केलं.

बाहेर मिस्त्रींनी विचारलं, "मॅडम, माझ्याबद्दल काय सांगितलं जी?"

"तुम्हाला मिस्त्री म्हणतात, एवढंच."

"मग इतका वेळ कायले लागला?"

तेव्हापासून यादी हातात आली की मी आधी शॉपवर जाते. चहा तिथला बरा असतो, आणि आपल्या चुका छापण्याआधी कळतात.