सातवं फळ

दोना ओलिंदाला कास्तान्याचं, म्हणजे ब्राझील नटचं, झाड आधीच सांगतं, असं आमच्या नदीकाठी सगळे म्हणतात. फळ कधी सुटणार, कुठं पडणार, सगळं. माझी आत्या तर शपथेवर सांगते, की म्हातारी पहाटे खोडाला कान लावून "हं... हं... बरं" करत असते.

साफ खोटं. झाड काही बोलत नाही. म्हातारी पहाटे लांब उभी राहून मान दुखेपर्यंत वर बघते आणि कुठल्या फांदीला किती फळं उरलीत ते मोजते. मग दिवसभर धप्प आवाज ऐकत वजा करत जाते. फळ नारळाएवढं, लाकडासारखं टणक, आणि येतं ते आभाळातून. नवरा गेला त्या दिवशी तिनं मोजलं नव्हतं.

जानेवारीतली सकाळ होती. तिच्या जावयानं, जोसिमारनं, फळं गोळा केली. ती टोपलीत भरून झाडापासून लांब न्यायची आणि तिथं फोडायची, ही रीत. हा पठ्ठ्या खोडाशीच फतकल मारून कोयता चालवू लागला.

"जावईबापू, खाट आणून टाकू का तिथं?" दोना ओलिंदा लांब पायवाटेवरून ओरडली. तिच्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवणारी मी तिच्या शेजारीच उभी होते.

"झालंच, सासूबाई! पाच-सहाच राहिलीत."

"वारा येतोय."

"कुठाय? पान हलत नाही."

खाली हलत नव्हतं. शेंडा हलला, तो तिनं पाहिला.

धप्प! जोसिमारपासून तीन पावलांवर चिखल उडाला. तो ताडकन उठला.

"पळ!" मी किंचाळले.

"पळू नकोस!" तिचा आवाज चिरकला. "खोडाला चिकट! पालीसारखा!"

फळं लागतात फांद्यांच्या टोकांना. पळणारा नेमका त्यांच्याखालून जातो. तिचा नवरा पळालाच होता.

धप्प. धप्प. पायवाटेकडच्या फांदीला पहाटे सात होती. तिचे ओठ हलत होते.

"सासूबाई, टोपली डोक्यावर घेऊ?"

"घे. पण डोकं जास्त टणक आहे तुझं."

चार. पाच. मग बऱ्याच वेळानं सहा. वारा पडला. जोसिमारनं पाय उचलला.

"संपलं, ये!" मी म्हटलं.

"पाय खाली! एक आहे अजून."

"नाहीये, दोना ओलिंदा. वारा थांबलाय."

"लाव पैज. हरलीस तर हंगाम संपेपर्यंत माझी नक्कल बंद."

"लावली!"

"अहो, पैजा नंतर लावा ना!" जोसिमार खोडाला गाल लावून रडकुंडीला आला.

तिच्या मानेवर डास बसला होता. तिनं हाकलला नाही. पहाटे मोजताना धुकं होतं. सहा की सात? नक्की सातच ना?

वर 'कट्' असा बारीक आवाज झाला.

फळ पायवाटेवर आदळलं आणि अर्धं चिखलात रुतलं. तो निघाला असता, तर बरोबर तिथंच असता.

"आता ये," दोना ओलिंदा म्हणाली आणि मट्‌कन खाली बसली. "आणि येताना ते घेऊन ये."

हंगाम मार्चअखेरपर्यंत आहे. तोवर तिचं सगळं बोलणं मला असं लिहूनच काढावं लागतंय.