जोडणीत गळालेलं नाव

राजेश्री आमच्या मानवतच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते. कामाला चोख, पण भित्री. कुलूप लावलं तरी चार वेळा ओढून बघणार. मी औषधं देतो, आणि तिची टिंगल करण्यात माझा पहिला नंबर असायचा. त्या मंगळवारपासून मी ते बंद केलं.

पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणून एकाच दिवशी अकरा जणांनी केसपेपर काढले होते. आठव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कुणाचं इंजेक्शन राहिलंय? कॉम्प्युटरवर एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, पेशंटची नावं, दुसऱ्यात दिलेली इंजेक्शनं. राजेश्रीनं केसपेपर नंबरवरून दोन्ही जोडली. दहा नावं आली, सगळ्यांची इंजेक्शनं वेळेवर. यादी देऊन ती डबा खायला बसली, आणि पहिलाच घास तिच्या हातात राहिला.

"काका, माणसं तर अकरा होती की!"

चूक तिचीच होती. अशा जोडणीत ज्याची नोंद दोन्हीकडे असते तोच येतो. ज्याला एकही इंजेक्शन मिळालं नाही, त्याची दुसऱ्या टेबलात ओळच नसते आणि तो मुकाट गळतो. शोधायचा होता नेमका तोच. तिनं पहिलं टेबल पूर्ण धरून पुन्हा जोडणी केली. अकरावं नाव आलं, भागुबाई. पुढचे रकाने कोरे.

मला ती मेंढरंवाली आठवली. रांग बघून म्हणाली होती, "मेंढरं उघड्यावर हायत, उद्या येते." तिचा फोन लागेना. राजेश्रीनं स्कूटीची किल्ली उचलली. मीही घाबरून औषधांची खिडकी बंद केली.

तिच्या स्कूटीवरून आम्ही निघालो. खतासाठी मेंढरं आज या शेतात बसवतात, परवा त्या. तीन शेतं रिकामी निघाली. कुत्र्याचं विष चढलं की माणूस पाण्याला भितो. राजेश्री वाटभर एकच विचारत होती, "काका, पाणी पीत असंल ना ती?"

चौथ्या शेतात भागुबाई तांब्या तोंडाला लावून गटागट पाणी पीत होती. राजेश्री बांधावरच बसली आणि रडायला लागली.

"मावशी, आत्ताच चला. इंजेक्शन घ्यायचंय."

"येते की. आन् ह्यांचं बी देऊन टाका." भागुबाईनं नवऱ्याकडे, अंगदकडे, बोट केलं. त्याच्या गालावर वाळलेला हळद-चुना होता. "मला सोडवायला आले तवा ह्यांना बी चावलं. राशनकार्डावानी घराला एकच कागद आसतो म्हणून माझ्याच नावानं काढला."

त्याचं नाव कुठल्याच टेबलात नव्हतं. राजेश्री उठून त्याच्याजवळ गेली. त्याच्यासमोरचा तांब्या काठोकाठ भरलेला होता.

"सकाळधरनं पाणी नगं म्हणायलेत," भागुबाई म्हणाली.